जागा सोडा

वाचनालयाच्या संगणकाचा माउस मंगळवारी सकाळी मेला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी जावकरावांच्या आयुष्याला वळण लागलं. पूर्वी माणसाच्या आयुष्याला वळण लागायचं तर गुरू भेटावा लागे, निदान एखादं मोठं दुखणं तरी काढावं लागे. जावकरावांचं एका उंदरावर भागलं.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. चौतीस वर्षं ते एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसले आणि एकही कागद त्यांनी क्रमांक टाकल्याशिवाय दाराबाहेर जाऊ दिला नाही. निवृत्तीनंतर घराबाहेर जाणारे कागद उरले नाहीत, तेव्हा इस्त्रीला जाणाऱ्या कपड्यांना ते क्रमांक टाकू लागले. इमारतीतल्या लोकांनी त्यांचं बारसं केलं ते तेव्हा. त्यांच्या पत्नीला मात्र सगळे साधं 'वहिनी' म्हणत. त्यांनी आयुष्यभर टंकलेखनाच्या वर्गात मुली शिकवल्या होत्या आणि त्यांच्या हातून सुटलेली चूक अजून कोणी पाहिली नव्हती.

वाचनालय इमारतीच्याच तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत होतं. सहा हजार दोनशे पुस्तकं, दोन लांब टेबलं, एक डुगडुगणारी शिडी आणि तो संगणक. संगणकात सगळ्या पुस्तकांची यादी होती. ती वहिनींनी दोन वर्षं रोज दुपारी खाली बसून टाइप केली होती. त्या यादीला आता फार भाव आला होता, कारण पुढच्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तपासणी होती. वाचनालयांच्या कचेरीतून अधिकारी बाई येणार, संगणकावर यादी पाहणार आणि मगच मान्यता चालू ठेवणार. मान्यता गेली तर खोली जाणार होती. इमारतीतल्या स्कूटरवाल्यांनी तसा ठरावच करून ठेवला होता. एक जण तर येता-जाता खिडकीतून आत बघून किती स्कूटर मावतील हे बोटांवर मोजत असे.

तेव्हा माउस मेल्यावर धावपळ झाली. शेजारच्या गल्लीत संगणक दुरुस्त करणारी एक बाई होती. जुना झालेला तो संगणक तिनेच लिनक्स नावाची प्रणाली घालून पुन्हा उभा केला होता. तिने मेलेला माउस उलटा-सुलटा करून पाहिला.

"काका, या खाचेचा माउस आता कोणी ठेवत नाही. मागवते, पण दहा-बारा दिवस लागतील."

"आणि तोवर?" वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले. यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांना सगळे औषधवाले म्हणत, आणि कुठल्याही प्रश्नाला 'तोवर काय घ्यायचं' असा त्यांचा सूर असे.

"तोवर कमांड द्यायच्या. माउस लागतोच कुठे? ही काळी खिडकी उघडायची, हुकूम टाइप करायचा, यंत्र ऐकतं."

'ऐकतं' हा शब्द जावकरावांच्या कानात शिरला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे हुकूम क्रमांक टाकून पुढे पाठवले होते. स्वतःचा म्हणून एक हुकूम त्यांनी कधी सोडला नव्हता. घरात तर प्रश्नच नव्हता. पंखा लाव म्हटलं की वहिनी खिडकी उघडत.

"हे काम मी बघतो," जावकराव म्हणाले.

दुरुस्तीवालीने एका कागदावर दहा हुकूम लिहून दिले. जावकरावांनी आधी त्या कागदाला क्रमांक टाकला.

पहिल्या दिवशीची लढाई परवलीच्या शब्दाशी झाली. काळ्या खिडकीने तो विचारला. जावकरावांनी टाइप केला. पडद्यावर काही उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, काही नाही. त्यांनी पुन्हा टाइप केला. पुन्हा शुकशुकाट.

शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत बसलेले निवृत्त प्राध्यापक उठून आले. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि पृथ्वीवरच्या सर्व गोष्टी भूगोलात येत असल्यामुळे कशावरही मत देण्याचा त्यांना अधिकार पोचत होता.

"जोरात दाबा," प्राध्यापक म्हणाले. "जुनी यंत्रं आहेत. त्यांना हलका हात चालत नाही."

जावकरावांनी जोरात दाबलं. औषधवाल्यांनी कळफलक उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटाचा चुरा, एक टाचणी आणि कोणाच्या तरी शर्टाचं बटण निघालं. बटणावरून थोडी चर्चा झाली. ते प्राध्यापकांचं निघालं. शब्द मात्र काही उमटेना. शेवटी वैतागून जावकरावांनी सगळं पुसलं, शब्द एकदाच टाइप केला आणि एंटरची कळ हाणली, तेव्हा यंत्र मुकाट उघडलं. परवलीचा शब्द कोणाला दिसू नये म्हणून तो मुद्दामच दाखवत नाहीत, हे वहिनींनी संध्याकाळी सहज सांगितलं.

"तुला कसं माहीत?"

"दोन वर्षं रोज तेच करतेय की."

जावकरावांनी विषय बदलला.

कागदावरचा सातवा हुकूम 'सुडो' या शब्दाने सुरू होत होता. वरच्या अधिकाऱ्याच्या नावाने हुकूम द्यायचा असेल तर हा शब्द आधी लावायचा, असं दुरुस्तीवालीने शेजारी लिहिलं होतं. हा शब्द 'सूड' यावरूनच आला असावा असं जावकरावांचं मत पडलं, आणि पुढच्या आठवड्यात ते पक्कं झालं. त्यांनी सातवा हुकूम सोडला. यंत्राने दोन ओळींत उत्तर दिलं. उत्तर इंग्रजीत होतं, पण जावकरावांच्या डोक्यात त्याचं आपोआप कचेरीतल्या भाषेत रूपांतर झालं: आपले नाव अधिकृत व्यक्तींच्या यादीत नाही. सदर प्रकार वरिष्ठांस कळविण्यात येईल.

चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक मेमो नव्हता. एकदा सगळ्या खात्याला मिळून एक मेमो आला होता, तेव्हासुद्धा हे रजेवर होते. आणि आता निवृत्तीनंतर, तेही फुकटच्या कामात, प्रकार वरिष्ठांस कळविण्यात येईल! कोण वरिष्ठ? कुठे बसतात?

खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी तोच हुकूम पुन्हा सोडला. पुन्हा कळविण्यात येईल. आपण स्पष्ट टाइप केलं नसेल म्हणून तिसऱ्यांदा. असं करत एकूण नऊ वेळा.

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पांढऱ्या कागदावर खुलासा लिहायला घेतला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर हुकूम हा निव्वळ अनवधानाने व कोणताही गैरहेतू न बाळगता...' इथपर्यंत छान आलं, पण वर 'प्रति' समोर काय लिहावं ते सुचेना. कागद घेऊन ते दुरुस्तीवालीच्या दुकानात गेले. तिने खुलासा वाचला, मग तोंडावर हात धरून आतल्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आली.

"काका, ते कुठेही जात नाही. त्याच यंत्रात एक टपालपेटी असते, तिच्यात पडतं. यंत्राचा जो मुख्य, तो ती उघडतो."

"मुख्य कोण?"

"सध्या कोणीच नाही. तुम्हालाच करून टाकते."

ती आली, चार ओळी टाइप केल्या आणि जावकराव यंत्राचे मुख्य झाले. त्यांनी पहिलं काम केलं ते टपालपेटी उघडण्याचं. आत नऊ तक्रारी होत्या, नऊही त्यांच्याविरुद्ध. त्यांनी त्या शांतपणे वाचल्या, संबंधिताचा खुलासा समाधानकारक वाटल्याने त्यास सक्त ताकीद देऊन सोडण्याचं ठरवलं आणि नऊही तक्रारी निकाली काढल्या. आपण इतके उदार आहोत हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

पण सत्ता वाईट. ती भल्याभल्यांच्या डोक्यात जाते, आणि जावकरावांच्या डोक्यात तर चौतीस वर्षांची रिकामी जागा तयारच होती. प्रत्येक कप्प्याला तीन अधिकार असतात, वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा, हे कळल्यावर ते मोहरून गेले. ही तर कचेरीच होती. फक्त इथे युनियन नव्हती. त्यांनी कार्यकारिणीतल्या सगळ्यांची खाती उघडली आणि अधिकारांचं वाटप केलं. औषधवाल्यांना वाचण्याचा आणि, अध्यक्ष म्हणून, थोडा लिहिण्याचा. प्राध्यापकांना वाचण्याचा, तोही सकाळच्या वेळात. वहिनींना वाचण्याचा.

पुढच्या बुधवारी दुपारी तीन नवी पुस्तकं आली. वहिनी खाली येऊन ती यादीत चढवायला बसल्या आणि क्षणभर पडद्याकडे बघत राहिल्या.

"अहो, मला लिहिता येत नाहीये."

"येणार नाही. तुला वाचण्याचा अधिकार आहे."

"यादी मी लिहिली आहे."

"ते खरं. पण एकाला दिला की सगळे मागतात. रीतसर अर्ज दे, विचार करू."

तिन्ही पुस्तकं वहिनींनी जावकरावांच्या टेबलावर एकावर एक नीट रचून ठेवली आणि वर निघून गेल्या. संध्याकाळी चहा आला, पण तो 'घ्या' या शब्दाशिवाय आला. मुरलेल्या संसारी माणसाने यावरून ओळखायला हवं होतं. जावकराव त्या वेळी उद्याचा हुकूम कागदावर लिहून काढत होते.

तो हुकूम असा होता. तपासणी एका दिवसावर आली, आता यादीला कोणी बोट लावू नये, म्हणून यादीच्या कप्प्यावरचे सर्वांचे सर्व अधिकार पुढील आदेशापर्यंत स्थगित. म्हणजे कप्प्याला लाखेचं सील. शुक्रवारी सकाळी अधिकारी बाईंच्या समोर ते आपल्या हाताने फोडायचं, असं दृश्यही त्यांनी मनात पाहून ठेवलं होतं.

यंत्राच्या भाषेत एकट्या तिरक्या रेघेचा अर्थ होतो अख्खं यंत्र. रेघेला चिकटून नाव लिहिलं तर त्या नावाचा कप्पा. मध्ये एक रिकामी जागा पडली, तर यंत्र समजतं की आधी अख्खं यंत्र आणि मग तो कप्पा. गुरुवारी अकरा वाजता जावकरावांनी तिरकी रेघ दिली, चष्मा सारखा केला, आणि चष्मा सारखा करताना दुसऱ्या हाताचा अंगठा रिकामी जागा सोडणाऱ्या खालच्या लांब कळेवर टेकला. मग त्यांनी नाव लिहिलं आणि हुकूम सोडला.

यंत्र थोडा वेळ गुरगुरलं. एक शब्द बोललं नाही.

"बघा," जावकराव प्राध्यापकांना म्हणाले, "ऐकणारा कसा असतो. ब्र काढत नाही."

नंतर त्यांनी सहज पुस्तकांचे कप्पे पाहण्याचा हुकूम दिला. परवानगी नाकारण्यात आली आहे. तारीख विचारली. नाकारण्यात आली आहे. आपण मुख्य आहोत, याची जाणीव सुडो लावून करून दिली. नाकारण्यात आली आहे. शेवटी, काढलेले अधिकार परत देण्याचा हुकूम द्यावा म्हणून तो टाइप केला, तर तो हुकूम चालवण्याचाही अधिकार कोणाला उरला नव्हता. साहेबाने सही करून सह्या करण्याचा अधिकार काढून घ्यावा, आणि तो साहेब आपणच असावं, असं ते झालं होतं.

"बंद करून चालू करा," प्राध्यापक म्हणाले. "माझा रेडिओ नेहमी तसाच सुधारतो."

बुडत्याला प्राध्यापकाचा आधार. जावकरावांनी बटण दाबलं. यंत्र बंद झालं, पुन्हा चालू व्हायला निघालं, पडद्यावर पाचसहा पांढऱ्या ओळी आल्या आणि तिथेच थिजल्या. खिडकीबाहेर स्कूटरवाला थांबला होता. त्याने आत पाहिलं आणि का कोण जाणे, हसला.

दुरुस्तीवाली परगावी लग्नाला गेली होती. तिने फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आणि माणसांचा इतका गोंगाट होता की जावकरावांना आपली कबुली तीनदा, चढत्या आवाजात द्यावी लागली. तिसऱ्या वेळी ती जिन्यात वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

"काका, घाबरू नका," ती ओरडली. "तुम्ही सगळ्या दारांना कुलपं लावलीत आणि किल्ल्या आत टाकल्यात. सामान आत जसंच्या तसं आहे. अध्यक्षांकडे मी एक पेन ड्राइव्ह दिलाय, अडचणीला म्हणून. त्याच्यावरून यंत्र सुरू करायचं आणि यादी तेवढी बाहेर काढायची. बाकीचं मी आल्यावर बघते."

औषधवाल्यांनी तो पेन ड्राइव्ह फारच जपून ठेवला होता. दुकानातल्या साडेतीनशे खणांपैकी कुठल्या तरी एका खणात. पंचेचाळीस मिनिटं खोकणारी माणसं रांगेत उभी राहिली आणि औषधवाले खण उघडत आणि मिटत राहिले. पोटाच्या औषधांत नव्हता, डोक्याच्या औषधांत नव्हता. शेवटी तो 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये' असं लिहिलेल्या खणात सापडला. औषधवाले म्हणाले, त्यांना जावकरावांचीच आठवण होऊन तो तिथे ठेवल्याचं आता आठवतंय.

चार वाजता यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू झालं. जावकराव खुर्चीत, फोन टेबलावर, प्राध्यापक आणि औषधवाले दोन्ही खांद्यांवरून वाकलेले.

"तिरकी रेघ द्या," फोन म्हणाला.

"कुठे झुकलेली? डावीकडे की उजवीकडे?"

"पुढे झुकलेली."

"पुढे म्हणजे माझ्या पुढे की यंत्राच्या?"

प्राध्यापक दिशांबद्दल काही सांगू लागले, तेव्हा औषधवाल्यांनी त्यांना एक खोकल्याची गोळी दिली. रेघ पडली. पुढचा शब्द पडला, चुकला, पुसला, पुन्हा पडला. जावकरावांच्या कपाळावर घाम आला. सहा हजार दोनशे पुस्तकं, दोन वर्षांच्या दुपारी, आणि हे एक बोट.

"आता जागा सोडा, काका," फोन म्हणाला.

जावकराव उठून उभे राहिले.

यात हसण्यासारखं काही आहे, हे त्या क्षणी तिथे कोणाला सुचलं नाही, त्यांना तर नाहीच. तिने जागा सोडायला सांगितली आणि त्यांना मनापासून वाटलं की हो, हेच बरोबर, हे आधीच करायला हवं होतं. ते खुर्चीमागे सरकले. तेवढ्यात, जिन्यातून कबुली ऐकून केव्हाच खाली येऊन दाराशी उभ्या असलेल्या वहिनी पुढे आल्या, पदराने कळफलकावरचा घाम टिपला आणि बसल्या.

"हं, सांग गं," त्या फोनला म्हणाल्या. "एकच जागा ना?"

"एकच. काकू, तुम्ही आहात? बरं झालं बाई!"

मग कळांचा आवाज सुरू झाला. एकसारखा, पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा. फोन सांगत होता आणि त्याचं वाक्य संपायच्या आत ते पडद्यावर येत होतं. वहिनी पडद्याकडे बघत होत्या, बोटांकडे एकदाही नाही. अर्ध्या तासात यादी पेन ड्राइव्हवर होती. पहिलं पुस्तक, शेवटचं पुस्तक, मधली सगळी. वहिनींनी ती वरपासून खालपर्यंत एकदा सरकवून पाहिली, जशी आई दवाखान्यातून आणलेलं मूल चाचपते.

मग त्यांनी मागे न पाहता हात पुढे केला. जावकरावांनी टेबलावरची तीन पुस्तकं त्या हातात दिली.

"लिहिता येतंय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतंय."

"अर्जाची... तशी गरज नाही."

"दिलाही नसता," वहिनी म्हणाल्या. पण चहाच्या वेळी 'घ्या' परत आला होता.

शुक्रवारी अधिकारी बाई अकराच्या ठोक्याला आल्या. करारी चेहरा, हातात फाइल, बोलणं मोजकं. त्यांनी शिडी हलवून पाहिली, शिडीने नाव राखलं आणि ती डुगडुगली. मग त्या संगणकासमोर बसल्या.

"माउस कुठे आहे?"

औषधवाल्यांचा चेहरा उतरला. वहिनी म्हणाल्या, "लागत नाही. काय हवंय ते सांगा."

"एक पुस्तक होतं. लहानपणी वाचलेलं. नाव काही आठवत नाही. विहिरीबद्दल काहीतरी होतं."

वहिनींनी एक ओळ टाइप केली. सहा हजार दोनशे तीन पुस्तकांतून विहिरीची चार पडद्यावर आली, कपाट आणि फळीसकट. तिसरं नाव वाचताच अधिकारी बाईंच्या तोंडून 'अय्या!' असा, कुठल्याही नियमावलीत न बसणारा उद्गार निघाला. प्राध्यापक जातीने शिडीवर चढले, औषधवाल्यांनी शिडी धरली आणि पुस्तक खाली आलं. बाईंनी ते उभ्याउभ्याच पाच पानं वाचलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं हे स्कूटरवाल्याला खिडकीतून वाचता येईना, पण औषधवाल्यांच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं आणि तो स्कूटर ढकलत निघून गेला.

"संगणकाचं हे सगळं बघतं कोण?" बाईंनी फाइल मिटताना विचारलं.

सगळ्यांनी जावकरावांकडे पाहिलं. खरं तर हाच तो क्षण होता, गेले दहा दिवस त्यांनी मनात शंभरदा पाहिलेला. त्यांनी घसा साफ केला.

"या बघतात," ते म्हणाले. "मी अधिकारांचं बघत होतो."

"होतो?"

"सध्या स्थगित आहे."

बाई वहिनींजवळ सरकल्या आणि त्यांचा करारी आवाज एकदम खाली आला. "आमच्या कचेरीतला संगणक सोमवारपासून काळा होऊन बसलाय. कोणी काय केलं, कोणी कबूल होत नाही. तुम्ही एकदा येऊन बघाल?"

सोमवारी दोघं गेली. वहिनींनी पर्स घेतली. जावकरावांनी छत्री, पाण्याची बाटली, दहा हुकमांचा कागद आणि वहिनींचा चष्मा घेतला. कचेरीत वहिनींना थेट आतल्या खोलीत नेलं. जावकराव मागोमाग निघाले तर दाराशी शिपायाने हात आडवा केला.

"आपलं काय काम?"

जावकरावांनी खिशातल्या कागदाला हात लावला. पण तो बाहेर काढला नाही. आतून कळांचा आवाज सुरू झाला होता, एकसारखा, न अडखळणारा. दोघा-तिघा कारकुनांनी माना वर करून तिकडे पाहिलं.

"माझं काही नाही," जावकराव म्हणाले, आणि त्यांची छाती उगीचच फुगली. "माझ्या मिसेस आत आहेत."

शिपायाने लगेच वरांड्यातलं बाक फडक्याने पुसलं.

"मग बसा ना निवांत," तो म्हणाला. "आमच्या बाईंचे मिस्टर पण इथंच बसतात."